मामी, मी आणि पाच वाड्या

नांदेडच्या माणसाने लातूरला जाणं ही काही लिहून सांगण्याजोगी गोष्ट नाही. आमच्याकडचे लोक लातूरला पोराला क्लासला सोडायला जातात, सोयाबीनचा भाव बघायला जातात, नाहीतर सोयरीक जुळवायला जातात. विभागाचं आयुक्तालय कुठे व्हावं यावरून दोन्ही शहरांचं जुनं वाजलेलं, त्यामुळे जाताना जरा नाक मुरडून जातात आणि येताना पिशव्या भरून येतात. मी मात्र खेळायला गेलो होतो. तेही सासूबाईंना घेऊन. म्हणून हा प्रपंच.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. उरलेल्या वेळात मला दोन नाद आहेत. पहिला पुतळ्यांचा. वीतभर उंचीचे, कोपरात-गुडघ्यात वळणारे योद्धे, राक्षस, अंतराळवीर असे पुतळे मी जमवतो, रंगवतो आणि काचेच्या कपाटात मांडतो. कॉलनीत मला ‘बाहुल्यावाले सर’ म्हणतात ते त्यामुळे. दुसरा नाद पटावरच्या खेळांचा. सापशिडी नव्हे. डोकं लावून, चार जणांनी वाद घालत तासन्‌तास खेळायचे नवे खेळ. नांदेडात या नादाचं माझ्या ओळखीचं दुसरं कुणी नाही. लातूरचा दातांचा डॉक्टर फेरोज मला फोनवरच्या एका गटात सापडला आणि आमची जोडी जमली. त्यानेच कळवलं की लातूरला अशा सगळ्या शौकिनांचा पहिला मेळावा भरणार आहे, आणि त्यात जोडीने खेळायची स्पर्धा आहे. खेळाचं नाव ‘टँकर’. लातूरच्याच तेजश्री नावाच्या मुलीने तो बनवलेला. आम्ही दोघांनी रोज रात्रीचं जेवण झालं की फोनवर सराव केला होता. बायको वैतागली होती, म्हणजे सराव चांगला चालला होता.

निघायच्या आठवड्यात बायको, रेणुका, म्हणाली, “आईला सुमन मावशीकडं किल्लारीला येळवशीला जायचंय. मला शाळेतून सुट्टी नाही. तुम्ही लातूरला चाललातच आहात, तर तिला घेऊन जा. सोमवारी वेळा अमावस्या आहे. तुमचं खेळणं झालं की तिला पुढं सोडा.”

मी ‘हो’ म्हणालो. सासूबाई इस्लापूरकडच्या, शेती करणाऱ्या घरातल्या. मी त्यांना मामी म्हणतो. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण मामी माझ्याशी बोलत नाहीत. भांडण मुळीच नाही, त्यांच्या घरची रीत आहे. मी ताटावर बसलो की त्या डोक्यावरचा पदर सारखा करून रेणुकाला म्हणतात, “बापूला इचार, अजून अर्धी देऊ का.” मी तिथेच दोन हातांच्या अंतरावर बसलेला असतो. मीही रेणुकाला म्हणतो, “नको म्हणावं.” मग मामी अर्धी भाकरी वाढतात. रेणुका मध्ये नसताना आम्ही दोघं एवढा प्रवास कसा करणार, याची मला स्पर्धेपेक्षा जास्त काळजी होती.

शनिवार, रस्त्यात

मामी आदल्या दिवशी मुदखेडमार्गे रेल्वेने आमच्याकडे आल्या होत्या. सकाळी लातूरची बस धरली. मामी खिडकीपाशी, मध्ये मी, आणि माझ्या पलीकडे लेकराला मांडीवर घेतलेली एक बाई. माझ्या मांडीवर काचेची पेटी होती. मेळाव्यात मांडायला निवडक पुतळे घेतले होते.

लोहा येईपर्यंत मामी पेटीकडे चोरून बघत होत्या. शेवटी राहवेना, तेव्हा त्यांनी वाकून पलीकडच्या बाईच्या लेकराला हाक मारली. ते जेमतेम बसता येण्याच्या वयाचं होतं.

“सोनू, काकाला इचार बरं, त्या पेटीत काय नेऊन राहिले?”

मी सोनूला म्हणालो, “आजीला सांग, पुतळे आहेत. लोकांना दाखवायला.”

सोनूने अंगठा चोखला. मामी म्हणाल्या, “इचार, देवाचे हायेत का?”

“नाही म्हणावं. लढणारे आहेत.”

लेकराची आई पदरात तोंड खुपसून हसत होती. तिचा नाइलाज होता. असं आमचं संभाषण सोनूला झोप लागेपर्यंत चाललं.

लोहा सोडल्यावर बसने एक खड्डा घेतला आणि पेटीचं झाकण उघडून आत पडापडी झाली. माझ्या सगळ्यात लाडक्या राक्षसाचा एक हात खांद्यातून निसटून गायब झाला. मी बसच्या फरशीवर वाकून शोधायला लागलो. पुढचे, मागचे सगळे शोधायला लागले. कुणाला काय शोधायचं ते ठाऊक नव्हतं, तरी शोधत होते. हात मिळाला मामींना, सोनूच्या आईच्या मेथीच्या जुडीत. त्यांनी तो पदराला पुसला, उलटासुलटा करून बघितला आणि न बोलता राक्षसाच्या खांद्यात खटकन बसवला. मग त्याचा हात वर-खाली करून पाहिला. त्यांना ते आवडलं असावं, कारण पुन्हा एकदा केला.

अहमदपूरला बस चहाला थांबली, तेव्हा फेरोजचा फोन आला.

“अवी भाई, पोरगी झाली!”

त्याची बायको माहेरी उदगीरला होती. तारीख अजून लांब होती म्हणून तर आम्ही स्पर्धेत नाव दिलं होतं.

“मुबारक हो! दोघी बऱ्या आहेत ना?”

“एकदम झकास. मी उदगीरला पोचलो बी. तुम्ही घरीच उतरा, अम्मी हाय.”

“आणि टँकर?”

“टँकर को गोली मार, भाई! मेरी बेटी देख, फोटू भेजा मैं.”

फोटोत टॉवेलात गुंडाळलेलं लालबुंद तोंड होतं. मी तो मामींपुढे धरला. मामींनी आपल्या बोटांनी फोटो मोठा करून बघितला आणि दोन्ही हातांनी कानशिलावर बोटं मोडली. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. पण इतके दिवस ज्याची तयारी केली ते गेलं, हेही चहाबरोबर गिळावं लागलं.

अहमदपूरच्या पुढे तुरी पिवळ्या पडलेल्या, हरभरा गुडघ्याखाली हिरवागार, मध्येच ज्वारी पोटऱ्यात आलेली. आणि बोली बदलते. आपण नांदेडात ‘करून राहिलो’ म्हणतो, इथून पुढे ‘करलालो’ सुरू होतं. चाकूरला एक म्हातारा चढला आणि फोनवर ओरडला, “काय करलालास रं?” मामी खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाल्या, “करलालास.” त्यांचं माहेर याच भागातलं. पुढे पाच-दहा मिनिटं त्या खिडकीशीच हसत होत्या.

लातूर

मेळावा एका मंगल कार्यालयात होता. दारात अजून केळीचे खांब होते आणि आत आदल्या दिवशीच्या लग्नाचा फुलांचा मंडप तसाच उभा. नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्यांवर एक शिंगं लावलेला योद्धा आणि निळ्या तोंडाची परग्रहावरची राणी अशी सोंगं घेतलेले दोघं बसले होते, आणि लोक रांग लावून त्यांच्याबरोबर फोटो काढत होते.

मामी दारातच थबकल्या. आजूबाजूला मध्यस्थीला एकही लेकरू नव्हतं. त्यांनी रखवालदाराला विचारलं, “कोणाचं लगीन हाय, भाऊ?”

“लगीन न्हाई मावशी, खेळ हाय. या की आत, जेवण हाय.”

जेवणाला निलंगा राईस होता. नांदेडात आपण मसालेभात म्हणून जे खातो त्याच्यापेक्षा हा तिखट आणि मोकळा. वर शेंगदाणे आणि बाजूला पापड. ताट घेऊन आम्ही पुतळ्यांच्या दुकानांवरून फिरलो. एका टेबलावर बंद खोक्यांतले पुतळे रचून ठेवले होते. मामींनी एक खोकं उचललं.

“याला बाहीर काढत न्हाईत?”

विकणारा तरुण अदबीने म्हणाला, “मावशी, खोकं फोडलं की त्याची किंमत जाते. जमवणारे तसंच ठेवतात.”

“कवाच काढत न्हाईत?”

“कधीच नाही.”

मामींना वाईट वाटलं. “आमच्या म्हालक्ष्म्याचे मुखवटे बी सालभर डब्यातच राहतात, बाबा. पर तीन दिस तर काढतो. लुगडं नेसवतो, जेवू घालतो. तू याला एक दिस तरी काढत जाय.”

तो तरुण ‘हो’ म्हणाला. मग ते खोकं त्याने परत रांगेत नीट ठेवलं.

मी माझी पेटी प्रदर्शनाच्या टेबलावर मांडली आणि मग जड पायाने स्पर्धेच्या टेबलापाशी गेलो. तेजश्री तिथेच होती. चष्मा, खादीचा कुडता, बोटांना शाई. मी सांगितलं की जोडीदाराला मुलगी झाली, आमचं नाव काढा.

“अभिनंदन! पण नाव कशाला काढायचं? या कोण?” तिने माझ्या मागे बोट दाखवलं.

मागे मामी उभ्या होत्या. पटावरच्या चित्रांकडे बघत होत्या.

“या माझ्या सासूबाई. त्यांना हे...”

“यातला हा डोंगुर कोणता हाय, बाई?” मामींनी तेजश्रीलाच विचारलं.

तेजश्रीने समजावून सांगितलं. पटावर पाच वाड्या. तळ्याची वाडी सगळ्यात जवळ, मग पाराची, लिंबाची, टेकडीची आणि सगळ्यात लांब शेवटची वाडी. दरवेळी उन्हाचं एक पान उलटायचं; त्यावर ज्या वाडीचं चित्र असेल तिथलं पाणी कमी होतं. मग दोघा जोडीदारांनी आपापला टँकर कुठल्या वाडीला पाठवायचा, त्याचं पान पालथं ठेवायचं आणि दोघांनी एकदम उघडायचं. दोघांचे टँकर एकाच वाडीला गेले तर एकाचं पाणी सांडून जातं. तीन वाड्या कोरड्या पडल्या की खेळ संपला. जी जोडी जास्त वेळ टिकेल ती जिंकली.

“आणि मुख्य अट,” तेजश्री म्हणाली, “जोडीदारांनी एकमेकांशी बोलायचं नाही. खुणा नाहीत, खाकरणं नाही, काही नाही. शब्द निघाला की बाद.”

मामींनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता तेजश्रीला म्हणाल्या, “ते तर आमाला जमतं.”

न बोलता

सुरुवातीला आमचं पाणी धो-धो सांडलं. मी गणिताने खेळत होतो: कुठली पानं येऊन गेली, कुठली उरली. मामी काय करतात तेच मला कळेना. आमची पाराची वाडी कोरडी पडली, मग लिंबाची. समोरची जोडी आमच्याहून वाईट निघाली म्हणून आम्ही कसेबसे पुढे गेलो.

दुसऱ्या फेरीत मी गणित सोडलं आणि मामींचा हात बघत बसलो. पान उचलण्याआधी तो हात पटावरून एकदा फिरत होता. अगदी पंगतीत फिरतो तसा. आणि मला एकदम ओळख पटली. इस्लापूरला पंगत बसली की मामी वाढायला येतात, तेव्हा ‘वाढा वाढा’ म्हणणाऱ्याकडे आधी जात नाहीत. टोकाला बसलेला, न मागणारा, त्याच्या ताटाकडे त्यांचं लक्ष असतं. म्हणजे शेवटची वाडी मामींची! तिकडे मी बघायचंच नाही. मी जवळच्या वाड्या धरल्या आणि आमचं पाणी सांडायचं थांबलं.

मजा म्हणजे मामीही मला ओळखत होत्या. कशा ते मला तेव्हा कळलं नाही. मी ज्या वाडीला टँकर पाठवीन तिकडे त्या फिरकत नव्हत्या. एकामागून एक जोड्या उठत गेल्या. पंच म्हणून तोच शिंगवाला योद्धा होता, घामाने त्याचा रंग ओघळून गळ्यापर्यंत आला होता. संध्याकाळी त्याने जाहीर केलं, “उद्याच्या अंतिम फेरीत अविनाश सर आणि कौसल्याबाई!”

मामींनी आपलं नाव भोंग्यावर ऐकलं आणि पदर आणखी पुढे ओढला. पण फेरोजच्या घरी पोचल्यावर त्यांनी त्याच्या अम्मीला सगळा खेळ हातवारे करून सांगितला, ते मी दुसऱ्या खोलीतून ऐकलं. अम्मींना नातीच्या आनंदात काहीही गोड लागत होतं. रविवारी सकाळी त्यांनी आम्हाला खिचडी आणि खट्टा खाऊ घातला. चिंच-तिळाचा तो पातळ खट्टा मामींनी वाटीने प्यायला आणि मगच नात बघायला निघालेल्या अम्मींना उदगीरच्या गाडीत बसू दिलं.

अंतिम फेरीला टेबलाभोवती ही गर्दी. समोर दोघी बहिणी, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या, दिवसभर वाचनालयात गप्प बसायची सवय असलेल्या. त्या आणि आम्ही आपापल्या पटावर एकाच वेळी खेळत होतो. बराच वेळ कुणीच हरेना. मग दोन्ही पटांवर ऊन तापलं. आमच्या दोन वाड्या गेल्या. टेकडीच्या वाडीत पाण्याचा शेवटचा थेंब राहिला, शेवटच्या वाडीतही एकच, आणि तळ्याच्या वाडीत दोन. मी तळ्याच्या पानाला हात घातला, आणि पालथं ठेवता ठेवता ते मामींना दिसलं. तळंच का, ते आजही मला नीट सांगता येणार नाही. जवळ होतं म्हणून असेल.

“अवो जावाईबापू!”

आवाज इतका खणखणीत होता की मी पान खाली टाकलं.

“तळ्याला कशाला? तिथं हाय ना पानी! टेकडीवर बघा ना, टेकडीवर! तिथली लेकरं काय पितील?”

सगळं मंगल कार्यालय आमच्याकडे वळलं. मामींनी तोंडावर हात ठेवला. मग त्या शिंगवाल्या पंचालाच आधी हसू फुटलं आणि टाळ्या, शिट्ट्या, सगळं एकदम सुरू झालं. समोरच्या बहिणींपैकी धाकटी पोट धरून वाकली होती. नऊ वर्षं ज्या बाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, त्या बोलल्या नेमक्या तिथे, जिथे बोलायची बंदी होती.

आम्ही बाद झालो. त्या बहिणी जिंकल्या आणि आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. बक्षीस म्हणजे ‘टँकर’चाच एक पट, तेजश्रीने हाताने रंगवलेला. मामी खजील होऊन म्हणाल्या, “माझ्यापायी गेलं जी तुमचं.”

“जाऊ द्या मामी,” मी म्हणालो. “टेकडीवर पाणी पोचलं असतं का, ते सांगा.”

“तुमी तिकडं बघितलं असतं, तर पोचलं असतं!”

मी हरलो होतो आणि मला दात दाखवत हसण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

किल्लारीकडे

सोमवारी सकाळी औशावरून किल्लारीची जीप धरली. जीपमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या मांडीवर येळवशीची गाठोडी, कुणाच्या हातात आंबिलाचं मडकं. आणि मामी बोलत होत्या. नऊ वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर आल्यासारखं. रेणुका लहानपणी कशी हट्टी होती. इस्लापूरला धबधब्याच्या बाजूच्या शेतात यंदा हळद कशी लागली. माझ्या लग्नातला फेटा मला कसा शोभला नव्हता.

“मामी, एक विचारू? मी कुठल्या वाडीला जाणार, ते तुम्हाला कसं कळत होतं?”

“त्याला काय लागतं? तुमी जेवताना जे जवळ असंल ते आधी संपवता. चटनीची वाटी तिकडं लांब ऱ्हाते, तिकडं तुमचा हातच जात न्हाई. लग्नापासून बघून राहिले मी. पहिल्या दिवाळीला वाटलं, जावायाला आमची चटनी आवडंना.”

“आवडते हो! हात पोचत नाही.”

“मग सांगायचं ना!”

“कुणाला सांगायचं?”

जीपमधले सगळे हसले. मामीही हसल्या.

सुमन मावशी म्हणजे मामींची थोरली बहीण. भूकंपानंतर वसलेल्या नव्या किल्लारीत तिचं घर आहे. सरळ आखलेले रस्ते, घरांपुढे आता मोठी झालेली झाडं. आम्ही घरी न थांबता थेट शेतात गेलो, कारण त्या दिवशी गावात कुणी नसतंच. आपल्याकडे नांदेडच्या वरच्या अंगाला हा सण नाही, म्हणून सांगतो. ज्वारीच्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं करतात, आत पांडवांचे दगड मांडून पूजा करतात, आणि ओळखीच्या-बिनओळखीच्या प्रत्येकाला बोलावून जेवू घालतात. ओल्या तुरीच्या आणि हरभऱ्याच्या दाण्यांची दाट भज्जी, बाजरीचे उकडलेले गोळे म्हणजे उंडे, आणि ताकातलं ज्वारीचं आंबील. शेताच्या बाजूने आंबील शिंपडत कानडी वळणाची आरोळी ठोकतात. मी मावशीला अर्थ विचारला. ती म्हणाली, “काय की बाई. माझी आजी बी असंच वरडायची.”

जेवण झाल्यावर मामींनीच पट काढला. कोपीच्या सावलीत पोतं अंथरलं. मामी आणि मी एका बाजूला बसलो, दुसऱ्या बाजूला मावशी आणि तिची सून. एकाच पटावर चौघं, चार टँकर. शेजारच्या शेतातल्या बायका आंबील प्यायला आल्या आणि तिथेच बसल्या. मी नियम सांगितले.

“बोलायचं न्हाई?” मावशी म्हणाली. “मग खेळलालाव कशाला? झोपा की.”

त्या एका वाक्यात अट रद्द झाली. मग काय विचारता. “टेकडीला मी जाते, तू पार बघ.” “अगं लिंबाला दोन दिस झाले, कोणीच न्हाई गेलं!” “जावाई, तुमी तळं सोडा अगोदर!” सात-आठ बाया एकाच वेळी बोलत होत्या आणि प्रत्येकीला प्रत्येक वाडीचं ध्यान होतं. ऊन पान-पान पडत होतं आणि एकही वाडी सुकत नव्हती. मामी टेकडीवर टँकर पाठवताना माझ्या पाठीत धपाटा घालून सांगत होत्या. आणि मग उन्हाची पानं संपली. पाचही वाड्यांत पाणी तसंच.

नियमात हे कुठेच नव्हतं. मी तेजश्रीला फोन लावला.

“पानं संपली? सगळी?” ती म्हणाली. “असं कधी झालंच नाही, सर. इतका वेळ कुणी टिकलंच नाही. मी पुढचा नियमच लिहिलेला नाही. मागे कसला आवाज चाललाय? कोण कोण आहे तिथे?”

“सगळे,” मी म्हणालो.

“मग... आता काय करायचं?”

मामींनी माझ्या हातातून फोन घेतला.

“काय करायचं म्हंजे? पानं पिसायची, बाई, अन् म्होरं खेळायचं.” फोन मला परत देऊन त्यांनी पत्त्यांचा गठ्ठा मावशीपुढे सरकवला. “पीस गं.”